रेघेच्या आतली जखम

पट्टी सोडली आणि गोड वास आला.

रसावरची मळी पिंपात आठवडाभर पडून राहिली की येतो तसा. माझा नवरा गुऱ्हाळ चालवायचा, त्यामुळे तो वास मला कुणी सांगावा लागत नाही. पण माणसाच्या हाताला तो येता कामा नये.

शलाकाचा डावा हात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, धुतलेल्या टॉवेलवर पडला होता. सहा दिवसांपूर्वी संक्रांतीच्या लाडवांचा पाक त्या हातावर सांडला होता. मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंत भाजलं होतं. एका हाताने स्वतःची पट्टी बदलता येत नाही, म्हणून ती रोज सकाळी शेजारच्या घरातून माझ्याकडे यायची. काल सकाळपर्यंत जखम फिकट आणि निवांत होती. आज मधोमध हिरवट करडी पडली होती, आणि तरीही निवांतच. कडेला लाली नाही, सूज नाही, हात लावला तर ऊन लागत नाही. पहिल्या दिवशी तिने भाजल्याभोवती निळ्या पेनाने रेघ मारली होती. त्या रेघेबाहेर काहीही गेलं नव्हतं.

"दुखतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली. "काकू, दुखतच नाहीये." परक्याच्या हाताकडे बघावं तशी ती बघत होती. "ही जखम गप्प का आहे?"

मग तिचे ओठ पांढरे पडले आणि ती खुर्चीवरून सरळ खाली घसरली.

मी ओरडले. माझी सून मानसी वरच्या खोलीत कामाच्या मीटिंगमध्ये होती, ती धावत खाली आली, तिने फोन केला. ॲम्ब्युलन्सची दोन माणसं आली, एकाने शलाकाच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून दुसऱ्याकडे पाहिलं. त्याने काही विचारलं.

"आई, शलाका कसलं औषध घेते का, विचारतायत," मानसी म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "कसलंही नाही."

मी खोटं बोलत नव्हते. मला तेव्हा तरी ते खोटं वाटलं नाही.

आयर्लंडमधल्या मेनूथमध्ये मी मुलाकडे राहायला आले ती नवरा गेल्यावर. मुलगा मिलिंद कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, सून घरातूनच कंपनीचं काम करते, नात ओवी शाळेत. भिंतीला भिंत लागून घरं. आमच्या डाव्या भिंतीपलीकडे शलाका. नागपूरची, चाळीस ओलांडलेली, एकटी. लग्न का केलं नाही हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "राहून गेलं काकू," ती म्हणाली, जसं कुणी इस्त्री राहून गेली म्हणतं.

आमची ओळख ओवीच्या गुडघ्यावरून झाली. पोरगी स्कूटरवरून पडली, गुडघा सोलला, मी हळदीचा डबा घेऊन मागच्या अंगणात आले. कुंपणापलीकडून आवाज आला, "थांबा! हळद नका भरू!" आणि एक उंच, हडकुळी बाई कुंपण ओलांडून आली. फाटकातून नाही, कुंपणावरून. केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं. तिने आधी गुडघ्याला नमस्कार केल्यासारखी मान खाली घातली, मग पाण्याने धुतला, मग अंबाड्यातलं पेन काढून लालीभोवती रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली.

"हे काय?" मी विचारलं.

"उद्या लाली रेघेच्या आत असली तर चांगलं. बाहेर गेली तर मला हाक मारा."

"आजी, इट्स ग्रँड," ओवी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथलंच येतं; ग्रँड म्हणजे ठीक आहे.

संध्याकाळी मिलिंदकडून कळलं की ती डॉक्टर आहे. दुसऱ्या दिवशी मी माझे गुडघे घेऊन गेले.

"मी ती डॉक्टर नाही काकू. मी औषध देत नाही. मी जखमा बघते."

"नुसतं बघून काय होतं?"

"बघते आणि मोजते."

"काय मोजतेस?"

"कोण कोण आलंय ते."

इथल्या युनिव्हर्सिटीत ती जखमेतलं पाणी तपासायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, त्यातल्या कुठल्या आधी येतात, कुठल्या नंतर, आणि परत कधी जातात, हे तिचं काम. मी चौथीपर्यंत शिकले. तरी तिने मला सांगायचं टाळलं नाही आणि सोपं करून गोडगोडही सांगितलं नाही. ओवीच्या गुडघ्यावर बोट न लावता दाखवत ती म्हणाली, "पहिली टोळी येते ती वेडी असते. दिसेल त्याला मारते. आपलं परकं बघत नाही. मारता मारता स्वतः मरते. पिवळा पू असतो ना, ती त्यांची मढी. मग दुसरी टोळी येते. ती मढी खाते, झाडलोट करते, आणि पहिल्यांना सांगते, झालं, आता घरी जा. मग नवी कातडी."

"म्हणजे उसाच्या फडाला आग लागल्यासारखं," मी म्हटलं. "आधी अख्खा गाव काठ्या घेऊन धावतो, चांगला ऊसही तुडवतो. मग दुसऱ्या दिवशी घरचे येऊन राख उपसतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काकू, हे मी माझ्या लेक्चरला वापरू का?"

"वापर. माझं नाव नको घालू."

तिची एक सवय लोकांना आवडायची नाही. ती माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी हातापायांकडे. कुणाच्या कोपराला खरवडलेलं, कुणाच्या बोटाला पापुद्रा, तिला आधी ते दिसायचं. एका हळदीकुंकवाला तिने एका नव्या नवरीच्या हातावर किडा चावलेल्या जागेभोवती रेघ मारली. नवरीची सासू भारतातून आली होती, तिला तो अपशकुन वाटला. त्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "शलाका, इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं गं?" सगळ्या काढा, आवळा, तुळस असं काही ऐकायला सरसावून बसल्या.

"वाढवू नका," ती म्हणाली. "वाढलेली तुम्हाला झेपणार नाही."

पुन्हा त्या घरातून तिला बोलावणं आलं नाही. तिला ते कळलंही नाही.

मी भाजी दिली की डबा परत यायचा तो उकळत्या पाण्याने धुतलेला आणि आत एक सफरचंद. रिकामा डबा देऊ नये एवढं तिला आईने शिकवलं होतं, पण त्यात काय घालावं हे शिकवलं नसावं. प्रत्येक वेळी सफरचंदच. एकच. आभार नाहीत, कौतुक नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर सांगायची. मला असं माणूस चालतं.

बापू गड्याची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिने जेवण अर्धवट टाकून वही आणली. आमच्या गुऱ्हाळावर बापूचा पाय घसरला आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत उकळत्या रसाच्या काहिलीत गेले. बाहेर ओढून काढला. पाय जळले, पण वरचा माणूस धड होता. तालुक्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी बायकोशी भांडला, विडी मागितली. तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं. पाकाचा थेंब न लागलेले हात सुजले. डोळे उघडेनात. चौथ्या दिवशी गेला. गावात म्हणाले, बाहेरचं काही लागलं असणार, नाहीतर पाय भाजल्याने तोंड कसं सुजेल?

"बाहेरचं काही नाही," शलाका म्हणाली. "आग पायांना लागली, पण भोंगा सगळ्या अंगात वाजला. आणि मोठ्या भाजण्यात तो बंदच होत नाही. माझं काम तेच आहे काकू. भोंगा बंद कोण करतं ते शोधायचं."

"आणि वाजलाच नाही तर?"

"तर जास्त वाईट," ती म्हणाली. "सुजलेली जखम मला कळते. न सुजलेल्या जखमेची मला भीती वाटते."

हे वाक्य मी तिच्या तोंडून तीन चार वेळा तरी ऐकलं. माझ्या ध्यानात होतं. पण वाक्य ध्यानात असणं आणि वेळेला आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पुडीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

माझी धाकटी जाऊ काशी. गावात राहायची. आम्हा दोघींचे गुडघे गेलेले. बाजाराच्या दिवशी एक वैदू बसतो, त्याच्याकडे तपकिरी पूड मिळते. सकाळी चिमूटभर पाण्याबरोबर. पहिल्याच आठवड्यात मी जिना धरायची सोडली. इकडे कुणी येणारं असलं की काशी लोणच्याच्या बरणीबरोबर वर्तमानपत्रात बांधून पुड्या पाठवायची. मी ती चंचीत ठेवायचे, सुपारीच्या शेजारी. घरात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. झाडपाल्याचं काय सांगायचं?

मागच्या उन्हाळ्यात शलाकाचं उजवं मनगट धरलं. दिवसभर ती अंगठ्याने दाबायची पिचकारी घेऊन थेंब थेंब मोजायची, हजारदा दाबायची. इथल्या डॉक्टरने विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. विश्रांती घेणं तिला शक्य नव्हतं, तिच्या कामाची मुदत वर्षअखेर संपणार होती आणि पुढची मिळायला आधीचं पुरं व्हावं लागतं. एकदा माझ्याकडे चहाचा कप उचलताना तिच्या हातातून सुटला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

मी चंची उघडली.

"यात काय आहे?" तिने विचारलं.

"झाडाची साल."

"कुठल्या?"

"वैदू सांगत नाही."

"काकू, मला हे घेता येणार नाही. मला माहीत नसलेलं मी घेत नाही."

"नको घेऊस. टेबलावर ठेवलीय."

ती उठून गेली. टेबल पुसताना बघितलं, पुडी नव्हती.

चौथ्या दिवशी ती कुंपणावरूनच ओरडली, "काय करून राहिल्या काकू? हे बघा!" आणि मनगट गोल गोल फिरवून दाखवलं. त्यानंतर दर आठवड्याला मी डब्याबरोबर एक पुडी द्यायचे. आम्ही दोघी त्याबद्दल बोलायचो नाही.

दिवाळीनंतर काशी गेली. पायात बाभळीचा काटा मोडला होता. तिच्या मुलाने फोनवर सांगितलं, जखम बारीक होती, सूज नव्हती, ताप नव्हता, म्हणून दवाखान्यात नेलं नाही. एका सकाळी उठलीच नाही. मी रडले नाही, मला ते जमत नाही. मी शलाकाकडे जाऊन बसले आणि तिला सांगितलं.

तिने लगेच सुरू केलं. "सूज अजिबात नव्हती? लाली? काटा किती दिवस होता? साखर होती का त्यांना?"

"होती. वर्षभरापासून."

"आधी नव्हती? वजन वाढलं होतं? काकू, त्यांचे गाल भरले होते का? चेहरा गोल?"

"भरले होते. मीच म्हटलं तिला फोनवर, म्हातारपणी सुधारलीस."

शलाकाने तोंड उघडलं. मग मिटलं. टेबलावर तिचा उजवा हात होता, ते मनगट तिने दुसऱ्या हाताने झाकलं.

"साखर होती म्हणजे साखरेनेच," ती म्हणाली. "साखर असली की जखमा अशाच होतात." आणि चहा ठेवायला उठली.

मला तेव्हा नुसतं एवढंच जाणवलं की हिने प्रश्न अर्धा सोडला. ही बाई प्रश्न अर्धा सोडत नसे. ओवीच्या गुडघ्याची खपली कधी पडली हे ती सुट्टीवरून फोन करून विचारायची.

संक्रांतीला ती माझ्याकडे लाडू वळायला आली. तिला कामाची पुढची मुदत मिळाली होती, खुशीत होती. त्या दिवसांत सगळ्या तिला म्हणायच्या, शलाका, अंगावर मांस आलं, छान दिसतेस. गूळ विरघळला, फेस आला, मी वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघत होते. ती पातेलं उतरवायला गेली, फडकं घसरलं, पाक हातावर आला.

पाक पाण्यासारखा वाहून जात नाही. चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. मी हळद घेऊन धावले. ती तोपर्यंत नळाखाली होती.

"हळद तिथेच ठेवा!"

"अगं पाण्याने फोड येतात!"

"येऊ देत! काकू, घड्याळ लावा. वीस मिनिटं."

"वीस मिनिटं थंड पाण्यात हात धरणार? थंडीत?"

"लावा म्हणते ना!"

तिने पाक ओढून काढला नाही, पाण्याने सुटेल तेवढाच सुटू दिला. दात वाजत होते. आणि त्या वीस मिनिटांत ती मला सांगत होती, "आता निरोप गेला असेल. आता रक्ताच्या नळ्या सैल होतील. तासाभरात पहिली टोळी येईल. संध्याकाळी बघा कशी सुजते." मी बरीच भाजलेली माणसं पाहिली आहेत. स्वतःच्या हातावर काय होणार याची वाट बघणारी ती एकच.

दवाखान्यात नेलं. तिथेही विचारलं असणार, औषधं कुठली. तिनेही नाही म्हणूनच सांगितलं. संध्याकाळी पेनाने रेघ मारली.

हात सुजला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सने बघितलं आणि म्हणाली, "ग्रँड." मानसी म्हणाली, किती छान बरं होतंय. मीही म्हटलं, बघ, रेघेच्या आत आहे. शलाकाने रेघ पुन्हा गिरवली. चौथ्या दिवशी तिला मळमळायला लागलं, म्हणून पूड दोन दिवस घेत नाही म्हणाली. सहाव्या दिवशी काय झालं ते वर सांगितलंच आहे.

डब्लिनच्या हॉस्पिटलात आम्हाला एका बाकावर बसवलं. मानसी आणि मी. दारातून शलाकाची खाट दिसत होती. एक तरुण डॉक्टर मुलगी आली, तांबड्या केसांची, मानसीशी उभ्यानेच बोलली. मानसी मला सांगत गेली. सलाईनच्या बाटल्या चालल्या आहेत पण ब्लड प्रेशर वर येत नाही. जखमेतले जंतू रक्तात गेलेत. एवढं असून अंगात ताप नाही. जखमेला सूज नाही. हिशेब लागत नाही, असं ती म्हणते. मग डॉक्टर माझ्याकडे वळली आणि हळू हळू विचारलं. मानसीने सांगितलं, "आई, गोळ्या, काढा, मलम, घरून आणलेलं काहीही. काहीही."

चंची माझ्या कमरेला होती.

मी गप्प बसले. भीती कशाची होती ते लिहिते. मेली तर मी मारली असं होईल, याची. पुडीत काय आहे हे मला माहीत नव्हतं, पण विचारताना मानसीने 'घरून' म्हटलं तेव्हा मला कळलं होतं. कपभर चहा प्यायला लागतो तेवढा वेळ मी गप्प बसले. डॉक्टर परत आत गेली. कुणीतरी खाटेचा वरचा भाग खाली केला आणि शलाकाचा चेहरा आडवा दिसला. हडकुळ्या बाईचा चेहरा ताटासारखा गोल झाला होता. मी तो रोज बघत होते. काशीच्या मयताच्या फोटोत तसाच होता. सकाळी वेणी घालताना आरशातही तसाच असतो.

गाल भरले होते का काकू?

मी उठले, आत गेले. एक माणूस अडवायला लागला, त्याला मी मराठीत बाजूला हो म्हटलं. चंचीतून पुडी काढून त्या मुलीच्या हातात दिली. "ही खात होती. सहा महिने. मी दिली."

मानसी मागून इंग्रजीत ओरडून सांगत होती. डॉक्टरने कागद उघडला, हुंगलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझी बाही वर सरकवली. माझ्या हातावर निळे डाग होते, म्हातारपणाचे असतील म्हणून मी सोडून दिलेले. तिने दोन बोटांनी माझी कातडी चिमटीत धरली, सोडली, आणि पलीकडे जाऊन मोठ्याने काही सांगितलं. नर्सने शलाकाला एक इंजेक्शन दिलं. तासाभरात आकडा वर यायला लागला.

पूड तपासली. तिच्यात साल होतीच. पण सालीबरोबर स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या होत्या. त्या गोळ्या दुखणं थांबवतात, कारण त्या पेशींना घरी बसवतात. सांध्यातल्या बसवतात, जखमेतल्याही बसवतात. वर आणखी एक आहे. बाहेरून महिनोन्‌महिने मिळायला लागलं की अंग स्वतःचं तसलं औषध बनवायचं सोडतं. मग पुडी एकदम थांबली की माणूस कोसळतो, म्हणून तिला इंजेक्शनही त्याच औषधाचं दिलं होतं. मलाही त्याच दिवशी तपासलं आणि सांगितलं, तुम्ही सोडायची नाही, आम्ही देऊ ती गोळी कमी कमी करत जायची.

शलाकाच्या हातावरची मेलेली कातडी दोनदा कापली. मांडीची कातडी काढून तिथे लावली. आठव्या नवव्या दिवशी मला आत सोडलं. मी जाऊन खुर्चीवर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं.

"मी दिलं," मी म्हटलं.

"दिलं तुम्ही, घेतलं मी," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "तुम्ही चौथी, मी पीएचडी. तुमच्यावर कसं टाकू?"

"तुला काय माहीत होतं?"

"काशीबाईंच्या वेळी कळलं होतं काकू. गालांचं विचारलं ना, तेव्हाच. एक पुडी लॅबमध्ये नेली असती तर दोन दिवसांत उत्तर होतं. नेली नाही. मनगट दुखत नव्हतं. काम पुरं होत होतं." मग म्हणाली, "मला कळून घ्यायचं नव्हतं."

समजूत काढण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि ते खरंही होतं.

"आणि तुम्हीही घेत होतात," ती म्हणाली. "माझ्यासमोर. तुमचा चेहरा रोज बघत होते मी. तुम्हालाही सांगितलं नाही."

हे मात्र मी धरून चालले नव्हते. मला राग आला. तिला तो दिसला. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि घरी आले. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. डबा धुवून ठेवलेला होता. आत सफरचंद. हॉस्पिटलच्या जेवणात मिळतं ते, स्टिकर लावलेलं.

गावाकडे मी स्वतः फोन केला. काशीच्या मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकी, आईला साखर होती. आणि त्या वैदूने किती जणांना उभं केलंय." शलाकाने हॉस्पिटलातून इंग्रजीत एक कागद करून घेतला, मिलिंदने तो मराठीत करून पाठवला. ग्रामपंचायतीत तो कुणी वाचला असेल तर मला माहीत नाही. वैदू बाजाराच्या दिवशी बसतो.

ती घरी आल्यावर कामावर गेली, पण पहिल्यासारखी नाही. डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. उजवं मनगट पुन्हा दुखतं, आता ती दुखू देते. बोलणं कमी झालं. एकदा मी विचारलं, भोंगा बंद कोण करतं ते सापडलं का? म्हणाली, "बंद करणारे पुष्कळ आहेत काकू. माझं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी."

मी गावी परत निघाले त्या सकाळी पाऊस होता. मिलिंद बॅगा गाडीत टाकत होता. ती कुंपणावरून नाही, फाटकातून आली. माझ्या मनगटावर गोळ्यांसाठी रक्त काढलेल्या ठिकाणी डाग होता. तिने अंबाड्यातलं पेन काढलं, डागाभोवती रेघ मारली, वेळ लिहिली.

"विमानात बघत राहा," ती म्हणाली. "बाहेर गेली तर सांगा. आणि आत राहिली तरीही सांगा."

"तुझ्या मनगटाला बरं आहे का?"

"दुखतं," ती म्हणाली.

गाडी वळली तेव्हा मी मागे बघितलं. ती पावसात उभी होती आणि उजव्या हाताने डाव्या हाताची न मिटणारी बोटं एक एक करून मिटवत होती, दवाखान्याने सांगितल्याप्रमाणे, मोजून.

ती पूड आम्ही तिघींनी घेतली. शलाका वाचली. मी वाचले. काशी वाचली नाही.